मनाचा आजार आणि सावरण्याची तयारी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

‘मानसिक आजार असतानाही माणूस पुन्हा पुन्हा सावरू शकतो का, आणि त्यासाठी काय करावे लागते?’ हा विषय या अंकासाठी दिला होता. खानापूर, निपाणी, बेळगाव शहर आणि अथणी या भागांतून पत्रे आली. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत एक तक्रार समान आहे : घरचे आणि शेजारचे ‘मन घट्ट कर’ म्हणतात, पण ते करायचे कसे, हे कोणी सांगत नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, आजारात सावरण्याची ताकद केवळ इच्छाशक्तीतून येत नाही. वेळेवर झोप, न चुकता औषध, विश्वासाचे एखादे माणूस आणि झेपेल एवढे काम यांची व्यवस्था बऱ्या दिवसांतच लावून ठेवली, तर वाईट दिवसांत ती उपयोगी पडते. खालची सर्व उत्तरे याच समजुतीवर उभी आहेत.

नाव-गाव नसलेले पत्र

या पत्राला सर्वांत आधी उत्तर देणे मला आवश्यक वाटते. लिहिणारे गृहस्थ यंत्रमागावर काम करतात, नैराश्यासाठी त्यांचे औषध चालू आहे, आणि काही रात्री ‘आता पुरे झाले’ असे विचार येतात, हे त्यांनी अद्याप कोणालाही सांगितलेले नाही.

उत्तर : हे तुम्ही लिहिलेत, याचे मला फार मोल वाटते. हे विचार तुमच्या स्वभावाचा दोष नाहीत. ते आजाराचे लक्षण आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. ते कितीही तीव्र असले तरी त्यांची तीव्रता चढते आणि पुन्हा उतरते, म्हणून तो चढाचा काळ एकट्याने काढायचा नाही, हा पहिला नियम समजा. आजच घरातील एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा : ‘मला जगणे नकोसे वाटते आहे, तू माझ्याजवळ थांब.’ आडवळणाने सांगितले तर घरच्यांना त्याचे गांभीर्य कळत नाही. शेतीची औषधे आणि घरात साठलेल्या गोळ्या त्या माणसाच्या ताब्यात द्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक २४ तास चालू असतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि तेथे मराठीत बोलता येते. डॉक्टरांची पुढची तारीख लांब असली तरी तिची वाट न पाहता उद्याच त्यांना भेटा, कारण औषधात बदल करण्याची हीच वेळ असते. विचार फारच अनावर झाले, तर रात्र असली तरी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. पोलीस केसच्या भीतीने कित्येक जण रुग्णालय टाळतात, म्हणून हेही सांगतो की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते आणि तिला शिक्षा देण्याऐवजी तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी खानापूर तालुक्यात शेती करतो. चार वर्षांपूर्वी मला उन्मादाचा झटका आला होता. रात्रंदिवस झोप नव्हती, बोलणे थांबत नव्हते, ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे मी उधळले, आणि त्यानंतर काही महिने अंथरुणातून उठवत नव्हते. डॉक्टरांनी द्विध्रुवीय विकार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा आजार, असल्याचे सांगितले. लिथियम हे औषध चालू आहे आणि गेली तीन वर्षे मी बरा आहे. आमचे घर वारकरी आहे, माझ्याही गळ्यात माळ आहे. वडील आणि दिंडीतील जाणती मंडळी म्हणतात की, नामाने मन खंबीर होते, मग जन्मभर गोळ्या कशाला? यंदा आषाढीला दिंडीबरोबर पायी जाण्याची इच्छा आहे. आजार परत येऊ नये इतकी ताकद मनाला कशी द्यावी, आणि मी वारीला जावे का?

उत्तर : तुम्ही तीन वर्षे शेती आणि घर सांभाळून बरे राहिला आहात. ज्या ताकदीबद्दल तुम्ही विचारता ती तुमच्याकडे आहे, आणि ती गोळ्या असतानाही आहे असे नव्हे, तर गोळ्यांसह आहे. ही गोष्ट वडिलांनाही मोकळेपणाने सांगा.

उन्मादाची अडचण अशी असते की, तो चढू लागतो तेव्हा माणसाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही; उलट जन्मात कधी नव्हते इतके बरे, हलके आणि समर्थ वाटू लागते. ज्या मनाने लगाम धरायचा, तेच मन त्या वेळी आजाराच्या ताब्यात गेलेले असते. त्यामुळे झटका आल्यावर मन खंबीर करून तो थोपवणे जवळजवळ कोणालाच जमत नाही, आणि जमले नाही म्हणून त्या माणसाची श्रद्धा कमी पडली असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. तुमच्या भागात भाताच्या खाचरांचे बांध पाऊस सुरू होण्याआधी दुरुस्त करतात, पाणी फुटल्यावर नव्हे. या आजारातील तयारीही तशीच आधी करावी लागते.

या तयारीत लिथियमचे स्थान मोठे आहे. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा उपयोग प्रथम मांडला, आणि आज इतकी नवी औषधे आली असतानाही झटके पुन्हा येऊ न देण्याच्या बाबतीत त्याचे महत्त्व टिकून आहे. या आजारातील आत्महत्येचा धोकाही ते कमी करते. ते एकाएकी बंद केले तर थोड्याच काळात उन्माद उसळण्याची शक्यता असते. म्हणून ‘बरे वाटते आहे तर सोडून पाहू’ हा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही अमलात आणू नका. दर काही महिन्यांनी रक्तातील लिथियमचे प्रमाण तपासायचे असते, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणीही चालू ठेवायची असते.

आता वारीबद्दल. जाऊ नका असे मी म्हणणार नाही, कारण दिंडीत मिळणारी सोबत ही मनाच्या आरोग्यासाठी खरोखर मोलाची गोष्ट आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, आईवडिलांचे मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी समर्थ आणि प्रेमळ माणसे झाली, आणि अशा मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे माणूस सातत्याने होते, असे त्यात आढळले. तुमच्याबरोबर चालणारी, नावाने हाक मारणारी, थकलात तर पडशी उचलून घेणारी माणसे तुम्हाला दिंडीत मिळतात. नाम आणि औषध यांत एकाची निवड करावी लागत नाही, हे दिंडीतील जाणत्यांनीच चार लोकांसमोर सांगितले, तर तुमच्यासारख्या अनेकांचे भले होईल.

मात्र वारीत तीन धोके आहेत आणि ते तुमच्या आजाराशी व औषधाशी थेट निगडित आहेत.

पहिला झोपेचा. पहाटे काकडा, दिवसभर चाल, रात्री कीर्तन आणि मध्येच जागर, असा क्रम काही दिवस चालला की झोप चार-पाच तासांवर येते. कमी झोप ही उन्मादाची केवळ खूण नाही, ती उन्मादाचे कारणही ठरू शकते. म्हणून रात्रीची सलग सात तास झोप हा तुमच्यासाठी नियम समजा. कीर्तन चालू असले तरी ठरलेल्या वेळी उठून झोपायला जा, आणि जागराच्या रात्री मंडपात बसू नका. यात विठ्ठलाची सेवा कमी होते असे मनात आणू नका.

दुसरा पाण्याचा आणि मिठाचा. घाम फार गेला, पाणी कमी पडले, जुलाब किंवा उलट्या झाल्या, किंवा मीठ एकाएकी सोडले, तर मूत्रपिंड लिथियम शरीरातच धरून ठेवते आणि त्याचे प्रमाण विषारी पातळीवर जाऊ शकते. त्यामुळे एकादशीचा निर्जळी उपास तुम्ही करू नये आणि अळणी उपासही करू नये. उपासाचे पदार्थ नेहमीइतके मीठ घालून खाल्ले आणि पाणी भरपूर प्यायले, तर साध्या उपासाला सहसा हरकत नसते; तरीही डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, सतत उलट्या किंवा जुलाब, गोंधळल्यासारखे वाटणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठायचे असते.

तिसरा धोका फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून मी तो मुद्दाम सांगतो. पाय दुखले की वारकरी वाटेतल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी रक्तातील लिथियम वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. दुखलेच तर पॅरासिटामॉल घ्या, आणि औषध देणाऱ्याला ‘मी लिथियमवर आहे’ हे आधी सांगा.

माझा सल्ला असा की, निघण्यापूर्वी रक्ततपासणी करून डॉक्टरांशी बोला, पहिल्या वर्षी संपूर्ण वाट चालण्याऐवजी शेवटचे काही मुक्काम चाला, आणि तुमचा आजार ठाऊक असलेले घरचे एक माणूस बरोबर असू द्या. त्या माणसाकडे एक कागद द्या. मागच्या झटक्याच्या आधी काय काय बदलले होते, ते पत्नी आणि भावाला विचारून त्यावर लिहा : किती वाजता उठू लागलो, किती लोकांना फोन केले, कोणत्या खरेदीच्या गोष्टी काढल्या. अशा दोन खुणा लागोपाठ दोन दिवस दिसल्या, तर परत आणायचे आणि डॉक्टरांना गाठायचे, आणि त्या वेळी तुम्ही कितीही वाद घातला तरी ऐकायचे नाही, हे त्यावर तुमच्या सहीने लिहून द्या. पैशांची व्यवस्थाही यातच करा : मोठ्या रकमेसाठी दोघांची सही लागेल असे खाते असले, तर ट्रॅक्टरचे पैसे गेले तशी वेळ पुन्हा येणार नाही. २०१७ च्या कायद्याने असे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे पुढे तुमच्या कागदाला रीतसर स्वरूपही देता येईल.

प्रश्न : मी निपाणीत विड्या वळते. मुलगा २४ वर्षांचा आहे, तीन वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. औषधाने कानात येणारे आवाज पुष्कळ कमी झाले, पण तो दिवसभर बसून असतो, अंघोळ करत नाही, कोणाशी बोलत नाही. त्याचे वडील ‘आळशी झाला आहे’ म्हणून ओरडतात. नातेवाईक म्हणतात बाहेरचे आहे, देवऋषीकडे न्या. मी त्याचे सगळे हाताने करते आणि रात्री रडते. त्याला उभारी कशी देऊ?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील दोन माणसांना आधाराची गरज आहे, एक तुमचा मुलगा आणि दुसऱ्या तुम्ही, म्हणून दोघांबद्दलही लिहितो.

मुलगा आळशी झालेला नाही. या आजारात आवाज आणि संशय यांसारखी लक्षणे दिसतात, तसेच इच्छा, उत्साह आणि भावना आटत जाणे हेही आजाराचेच लक्षण आहे. औषधांनी पहिला भाग बराच आवरतो, दुसरा मात्र हळूहळू आणि थोडाच सुधारतो. वडिलांना हे तुम्ही सांगून पटणार नाही; त्यांना एकदा डॉक्टरांच्या समोर बसवा आणि त्यांचे प्रश्न त्यांना स्वतः विचारू द्या. मी पाहिले आहे की, ओरडणाऱ्या वडिलांच्या मनात बहुतेक वेळा मुलाच्या भवितव्याची भीती असते, आणि ती भीती बोलून झाली की आवाज खाली येतो.

आवाज खाली येणे का महत्त्वाचे आहे, ते सांगतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले काही रुग्ण एकटे भाड्याने राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडलेले दिसले. पुढील अभ्यासांतून कारण स्पष्ट झाले : ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असते तेथे आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, आणि अशा वातावरणात आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर राहावे लागले तर ते आणखी वाढते. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच की, औषधाइतकीच घरातील बोलण्याची रीतही उपचाराचा भाग आहे, आणि ती शिकून बदलता येते. जेथे कुटुंबाला असे शिकवले गेले तेथे आजार उलटण्याचे प्रमाण घटल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे.

दोन खोल्यांच्या घरात हे करणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तरी इथून सुरुवात करा. ‘किती लोळशील?’ असे म्हणण्याऐवजी ‘दहा वाजता अंघोळीचे पाणी काढते, मग दोघे चहा पिऊ’ असे एक वेळी एकच, छोटे आणि वेळेसह सांगा. केले तर त्याच दिवशी ‘बरे केलेस’ म्हणा. नाही केले तर त्यावर भाषण नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तेच सांगा. दिवसातील काही तास तो आणि वडील वेगवेगळ्या जागी असतील असे पाहा : मुलगा सकाळी दूध आणायला जाऊ शकतो, संध्याकाळी मामाकडे किंवा ओळखीच्या दुकानात बसू शकतो. आणि तुम्ही त्याचे सगळे हाताने करता, ते एकेक करून थांबवा. ताट उचलणे, अंथरूण घडी करणे, स्वतःचे कपडे वाळत घालणे, यांपैकी एकच गोष्ट आधी त्याच्याकडे सोपवा आणि ती हळू झाली, वाकडी झाली तरी स्वतः करून टाकू नका. प्रेमानेच केलेले असले तरी, सगळे दुसऱ्याने केले की ‘मला काहीच जमत नाही’ ही त्याची समजूत पक्की होते.

त्याच्या कामाची सुरुवात दिवसाला अर्ध्या तासापासून व्हावी. मात्र विड्या वळण्याचे किंवा तंबाखू हाताळण्याचे काम त्याला देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. हाताशी विडी असली की ओढणे वाढते, आणि धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी या आजारावरची काही औषधे शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे तोच डोस अपुरा पडतो. तो विडी ओढत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि त्याने सोडली तरी सांगा, कारण तेव्हा डोस कमी करावा लागू शकतो.

देवऋषीबद्दल तुमच्या नातेवाइकांशी भांडू नका. सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला जावे, ओटी भरावी, मनाला धीर मिळत असेल तर अवश्य मिळवावा. पण औषध एक दिवसही बंद होणार नाही, त्याला मारणे, उपाशी ठेवणे किंवा साखळीने बांधणे होणार नाही, आणि त्यापायी कर्ज काढले जाणार नाही, या अटी तुम्ही आई म्हणून ठामपणे घाला. मानसिक रुग्णाला साखळदंडाने बांधणे २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नुसार मनाई असलेली गोष्ट आहे, आणि भूत काढण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीसारख्या अमानुष प्रथांविरुद्ध कर्नाटकाचा स्वतंत्र कायदाही २०१७ मध्ये झाला आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे सरकारी रुग्णालयातील तपासणीत ठरले, तर त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याआधारे मासिक पेन्शनसाठी अर्ज करता येतो. जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करा.

आता तुमच्याबद्दल. रात्री रडू येणे, झोप न लागणे, जेवण न जाणे हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर पुढच्या वेळी मुलाला नेताना डॉक्टरांना सांगा की ‘आज मलाही तपासा’. आठवड्यातून एक दुपार बहिणीला किंवा जावेला घरी बसवून तुम्ही बाहेर पडा. मुलाचे आजारपण लांबचे आहे, आणि आई मोडली तर त्या घराला दुसरा आधार नाही; म्हणून ही विश्रांती चैन समजू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून बेळगावात शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी मला नैराश्य आले होते. एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी आणि समुपदेशन यांनी आता आठ महिने मी पूर्ण बरी आहे. गडहिंग्लज भागातील मुलाशी लग्न ठरत आहे. आई म्हणते, सांगू नकोस आणि साखरपुड्याआधी गोळ्या बंद कर. सासरी पुन्हा खचले तर काय, ही भीती वाटते.

उत्तर : गोळ्या लग्नाच्या तारखेप्रमाणे बंद करायच्या नसतात. पहिल्याच वेळी नैराश्य आले असेल, तर पूर्ण बरे वाटल्यानंतर निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि ते पूर्वीही आले असेल तर त्याहून अधिक काळ. तुमच्या बाबतीत औषध कमी करण्याची वेळ कदाचित जवळ आली असेल, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे टप्प्याटप्प्याने करावे लागते. एकदम बंद केले तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, अंगातून झिणझिण्या असा त्रास होतो. लग्नाची धावपळ, नवे घर, सुटलेली नोकरी हे सगळे एकत्र येणारे महिने तर त्यासाठी सर्वांत अयोग्य. लग्न होऊन घडी बसेपर्यंत चालू ठेवावे, असे मी तुमच्या डॉक्टरांना सुचवेन.

सांगावे का, यावर माझे मत : सांगावे, साखरपुड्यापूर्वी सांगावे, आणि मध्यस्थाला किंवा सासूबाईंना नव्हे, तर त्या मुलाला स्वतः सांगावे. आईच्या भीतीमागे तुमची काळजी आहे आणि स्थळे मोडलेलीही मी पाहिली आहेत. पण गोळी लपवून घेण्याचा ताण हाच आजार परत आणण्यास पुरेसा असतो, आणि लपवलेल्या गोळीचा एखादा दिवस चुकतोच. हिंदू विवाह कायद्यातही महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असा वाद निघू शकतो. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या आणि आपले काम नीट करणाऱ्या स्त्रीच्या विवाहाला मात्र कायदा आडवा येत नाही. असे सांगून पाहा : ‘मला दोन वर्षांपूर्वी नैराश्य आले होते, मी उपचार घेतले, आज मी शाळेत पूर्ण वेळ शिकवते, आणि काही काळ औषध चालू राहील. तुम्हाला काही विचारायचे असेल तर आपण दोघे माझ्या डॉक्टरांना भेटू.’ जो हे ऐकून डॉक्टरांकडे यायला तयार होतो, त्याच्याबरोबर पुढच्या अडचणी निभावतात. त्याने नकार दिला तर दुःख होईल, पण ते दुःख लग्नानंतरच्या फसवणुकीच्या आरोपापेक्षा सोसण्यासारखे असते.

सासरी जाण्याआधी कोल्हापूर किंवा गडहिंग्लज येथील मानसोपचारतज्ज्ञ शोधून ठेवा आणि येथील सर्व कागदांच्या प्रती बरोबर न्या. सकाळचे चालणे आणि एका मैत्रिणीशी ठरलेल्या दिवशी बोलणे, या दोन गोष्टी नव्या घरात पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवा, कारण सुनेच्या दिनक्रमातून याच गोष्टी सर्वांत आधी गळून पडतात. जमल्यास शिक्षिकेची नोकरी तिकडे शोधा. मूल होण्याचा विचार कराल तेव्हा औषध मनाने न सोडता आधी डॉक्टरांशी बोला. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्य परत येण्याची शक्यता लक्षात घेऊनच तो निर्णय घ्यायचा असतो.

प्रश्न : मी अथणी तालुक्यातील आहे. अचानक छाती धडधडणे, जीव घाबरणे असा आजार आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधून विचारतात. मला कामापुरते कन्नड येते, पण मनातले त्या भाषेत सांगता येत नाही. म्हणून मिरजेला खाजगी डॉक्टरांकडे जातो, पण खर्च झेपत नाही आणि मध्ये मध्ये औषध सुटते.

उत्तर : मनातले दुखणे आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे, ही तुमची अपेक्षा रास्त आहे, उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, असे कायदाही सांगतो. तरी तुमच्या पत्रातील सर्वांत घातक गोष्ट मला औषध मध्येच सुटणे ही वाटते. म्हणून दोन्ही ठिकाणांचा उपयोग करा. सविस्तर बोलणे आणि निदान मिरजेच्या डॉक्टरांकडे होऊ द्या, त्यांच्याकडून औषधांची मूळ (जेनेरिक) नावे ठळक अक्षरांत लिहून घ्या, आणि तीच औषधे बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा अथणीच्या तालुका रुग्णालयातून मिळतात का, ते पाहा. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत ठरावीक मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात; अथणीत कोणत्या मंगळवारी येतात हे आधी विचारून घ्या. जे मिळणार नाही ते जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. आजार गुंतागुंतीचा वाटला, तर १८४५ पासूनचा इतिहास असलेली धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून बसने जाण्यासारखी आहे.

भाषेसाठी असे करा : घरीच शांतपणे एक कागद लिहा. त्रास कधी होतो, किती मिनिटे टिकतो, त्या वेळी कोणता विचार येतो, कोणत्या गोळीने काय झाले, हे मराठीत लिहून गावातील कन्नड जाणणाऱ्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाकडून त्याखाली कन्नडमध्ये लिहवून घ्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. या भागातील अनेक डॉक्टरांना आणि परिचारिकांना मराठी समजते, त्यामुळे ‘मराठीत बोलू का?’ असे विचारायला संकोचू नका. तपासणीच्या दोन तारखांच्या मधल्या काळात मोकळेपणाने बोलायचे असेल, तर वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर मराठीची निवड करता येते.

झटका आला की, हृदयाची तपासणी आधी होऊन ते निर्दोष ठरले असेल तर, असेल तेथेच बसा, श्वास सावकाश आणि लांब सोडा, आणि तो काही मिनिटांत उतरतो हे स्वतःला सांगा. पळत दवाखाना गाठण्याची सवय लागली की भीती वाढत जाते. ज्या बाजारात किंवा बसमध्ये झटका आला होता ती जागा टाळू नका, आधी कोणाला तरी बरोबर घेऊन आणि नंतर एकटे, पुन्हा तेथे जा. गोळ्या संपल्यावर नव्हे, तर आठवडाभर पुरतील इतक्या शिल्लक असतानाच पुढच्या गोळ्या आणायला निघत जा.